एक जूनचे तीन पोचू

आलापल्लीच्या पुढे सागवानाच्या जंगलात शिरणाऱ्या रस्त्यावर एका ट्रस्टचा दवाखाना आहे. तिथल्या सगळ्या कम्प्युटरांची जबाबदारी निशातवर होती. जबाबदारी म्हणजे काय, तर प्रिंटर रुसला की निशात, माउसमधून मुंग्या निघाल्या की निशात, आणि वीज गेली तरी निशातच. एकदा स्वयंपाकघरातला मिक्सर बंद पडला तेव्हाही तिलाच बोलावणं आलं. तिने तो दुरुस्त करून दिला, आणि ही मात्र तिची चूक झाली, कारण त्यानंतर लोकांनी पंखे आणि टॉर्चसुद्धा तिच्या टेबलावर आणून ठेवायला सुरुवात केली.

निशात चंद्रपूरची. वडिलांचं, नूर मोहम्मदांचं, शिलाई मशिनी दुरुस्त करण्याचं दुकान. तिथेच स्क्रू आणि तेलाच्या वासात ती वाढली. आधी चंद्रपूरच्या एका मोठ्या दवाखान्यात कम्प्युटरचं काम करून मग ती इकडे जंगलात आली. मुलगी हुशार, कामाला वाघ, फक्त नीटनेटकेपणाचं वेड जरा जास्त. पसारा दिसला की तिच्या हाताला खाज सुटायची. आणि या दवाखान्याच्या कम्प्युटरात पसारा होता तो असा की उचलायचा कुठून तेच समजू नये.

पसाऱ्याचं मूळ होतं नोंदणीची खिडकी. खिडकीत बसायच्या कांताबाई रामटेके. त्यांनी केस काळे असताना ती खुर्ची धरली होती ती पांढरे झाले तरी सोडली नव्हती. पेशंट कार्ड घरी विसरून यायचा, नंबर त्याच्या लक्षात नसायचा, आणि मागे रांग कडुलिंबापर्यंत गेलेली असायची. मग कांताबाई शोधत बसण्यापेक्षा सरळ नवी नोंद करून मोकळ्या व्हायच्या. असं करता करता एकेका माणसाच्या चार चार नोंदी झाल्या होत्या. डॉक्टर वैतागायचे. जुनी तपासणी एका नोंदीत, औषध दुसऱ्या नोंदीत, आणि माणूस समोर बाकावर.

कांताबाईंची दुसरी खोड म्हणजे नावाच्या रकान्यात त्या नुसतं नाव कधी लिहायच्या नाहीत. ‘कोलू मडावी हसरा’. ‘बुधू लाल सायकलवाला’. ‘पोचू आत्राम पायवाला’. यातल्या बुधूने ती लाल सायकल कधीचीच विकली होती, आणि हसऱ्या कोलूच्या दाढेत कीड लागल्यापासून त्याला हसताना कोणी पाहिलं नव्हतं.

“कांताबाई, नावाच्या रकान्यात नावच लिहायचं,” निशात म्हणाली होती.

“मंग कोन कोनता, हे कसं समजन वो?”

“नंबर आहे ना प्रत्येकाले.”

“नंबर ध्यानात कोनाच्या राह्यते? अन् कार्ड तं उंदरानं खाल्लेलं असते.”

निशात हसली, पण तिने मनाशी ठरवलं. चंद्रपूरला एक नियम तिने वापरला होता आणि तो अगदी चोख चालला होता. नाव एक, गाव एक, जन्मतारीख एक, तर माणूसही एकच. वडिलांच्या नावाचा रकाना तिने सोडून दिला, कारण इथे तो निम्म्या लोकांचा रिकामाच होता. एका रविवारी ओपीडी बंद असताना तिने आधी नावांना चिकटलेली सगळी शेपटं कापली. हसरा गेला, सायकलवाला गेला, पायवाला गेला. मग सारख्या नोंदी एकत्र करण्याचा हुकूम मशीनला दिला आणि शांतपणे डबा खाल्ला. जेवण होईपर्यंत यादी बरीच आटोपशीर झाली होती.

सोमवारपासून तिचं कौतुकच कौतुक. रांग भराभर सरकायला लागली. मोठ्या डॉक्टरांनी जिन्यात थांबवून शाबासकी दिली. कांताबाईंनी तर स्वतःच्या डब्यातली भाकर तिच्या पुढे केली, आणि कांताबाई आपली भाकर सहसा कोणाला देत नसत. निशातला बरं वाटलं, का नाही वाटणार? शाबासकी कोणाला कडू लागते?

गुरुवारी सकाळी कांताबाईंनी खिडकीतून हाक मारली. “निशात, जरा इकडं ये बाई. मशीन काही भलतंच सांगून राह्यली.”

खिडकीबाहेर एक पंचविशीचा दणकट गडी उभा होता, गळ्यात टॉवेल. नाव पोचू आत्राम, गाव हिरंगटोला. त्याच्या हृदयाच्या झडपेला त्रास होता, आणि दर तीन आठवड्यांनी पेनिसिलीनची सुई घ्यायला तो यायचा. पण स्क्रीनवर लिहिलं होतं की त्याच्या डाव्या पायाला जखम आहे आणि त्याची पट्टी आज कसनपेठच्या बाजारात बदलायची आहे.

“पाय कसा आहे?” निशातने विचारलं.

पोचूने खाली बघून घेतलं. “माहे दोनी पाय बरे हायेत. पायाचं दुखनं माह्या भावाले हाय. तो पन पोचूच.”

“भाऊ अन् तू, दोघंही पोचू?”

“तिघं,” पोचू म्हणाला. “चुलतभाऊ आहोत आमी. आजा मेला ना, त्या साली घरात तीन पोरं जन्मली. आजाचं नाव पोचू. आता आजा वापस आला तो कोनाच्या पोटी आला, हे कोन सांगन? मंग भांडन नको म्हनून तिघायचंबी नाव पोचूच ठेवलं. तिसरा मिरची तोडाले तेलंगणात गेला हाय.”

“अन् जन्मतारीख?”

“एक जून. गुर्जीनं आमच्या आख्ख्या वर्गाचीच एक जून लिवली.”

कांताबाई खो खो हसल्या. निशातलाही हसू आलं, पण ते ओठांवर येईपर्यंतच विरलं. नाव एक, गाव एक, साल एक, तारीख एक. तिचा नियम इथे येऊन तोंडावर आपटला होता. चंद्रपुरात असा माणूस शोधून सापडला नसता, आणि इथे एकाच घरात तीन होते.

“मग सुई?” तिने विचारलं. “पायवाल्या पोचूलेही सुई असते का?”

“नाई वो! सुई माही. त्याले ते चालतच नाई. मांगं इथीच दिली होती त्याले, तं गळा सुजला, दम कोंडला. मरता मरता वाचला तो.”

निशातने खुर्ची ओढली आणि नोंद पुन्हा उघडली. या दवाखान्यात एखाद्याला एखादं औषध चालत नसेल तर त्याचं नाव उघडताच वर लाल पट्टी येत असे. लाल पट्टी नव्हती. दोन माणसांची नोंद एक करताना मशीनने ठरलेले उपचार दोघांचेही ठेवले होते, पण न चालणाऱ्या औषधांबाबत सगळ्यात नवी माहिती खरी धरली होती, आणि नवी नोंद या सुईवाल्या पोचूची होती. पायवाल्याची लाल पट्टी गेली होती. त्याच्या जखमेची पट्टी बदलण्याच्या ओळीखाली स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: पेनिसिलीन, आज.

आठवड्याच्या बाजाराला दवाखान्याची गाडी जाते. रिना सिस्टर टॅबलेट घेऊन सकाळीच गेली होती, आणि त्या टॅबलेटवर सकाळी निघताना हीच यादी उतरवलेली होती. रिना नवीन पोरगी, सांगितलं ते चोख करणारी. तिला शिकवलं होतं निशातनेच. “लाल पट्टी दिसली तर थांब. नाही दिसली तर बिनधास्त दे.” हे शब्द तिचेच होते.

रिनाला फोन लावला. लागला नाही. कसनपेठला रेंज नसते हे निशातला पाठ होतं, तरी तिने पुन्हा लावला, आणि पुन्हा.

जुन्या यादीची नक्कल तिच्याकडे होती, एवढं तरी शहाणपण तिने केलं होतं. मशीन उघडायच्या आधी सगळे स्क्रू ओळीने मांडून ठेवायचे, ही दुकानातली शिस्त. तिने जुनी यादी परत चढवायला लावली आणि कांताबाईंना म्हणाली, “ही पूर्ण होईपर्यंत कोणाचंही नाव उघडू नका. सगळं कागदावर लिहा. अन् मोठ्या डॉक्टरांले सांगा की चूक माझी आहे, अन् मी कसनपेठले चालली.”

“त्यायले मी सांगतो बरोबर. तू पळ,” कांताबाई म्हणाल्या. त्यांचं हसू केव्हाच मावळलं होतं.

लटारूभाऊ दवाखान्याचे जुने ड्रायव्हर. जीप त्यांच्याहून जुनी. काय झालं ते ऐकल्यावर त्यांनी तोंडातला तंबाखू-सुपारीचा खर्रा थुंकला, जे ते डॉक्टरांसाठीही करत नसत, आणि किल्ली फिरवली. रस्ता खड्ड्यांचा. दोन्ही बाजूंना साग, पानं गळून उघडा पडलेला. पुढे ओंडके भरलेला एक ट्रक हत्तीच्या चालीने चालला होता आणि बाजू देत नव्हता.

“भाऊ, हॉर्न द्या ना!”

“देऊन राह्यलो. त्याले ऐकू आलं तरी जागा कुठी हाय? गाडीले पंख नाईत, बाई.”

निशातला भीती वाटत होती, साधी, निव्वळ भीती. आजवर तिच्या हातून चूक झाली तर काय व्हायचं? कागद चुकीचा छापला जायचा, फार तर कोणाचा पगार एक दिवस उशिरा व्हायचा. पण रविवारी तिने एक बटण दाबलं होतं, आणि त्या बटणाने एका माणसाचा गळा आवळला जाऊ शकत होता. आणि एकच का? हिरंगटोल्यात तीन पोचू निघाले, तर बाकीच्या गावांत काय असेल? तिने काच खाली केली. जुनी यादी एव्हाना चढली असेल, दवाखान्यातले सगळे सुटले असतील, असं तिने स्वतःला सांगितलं. राहिला होता तो एकटा बाजारातला पोचू.

नाल्याजवळ रस्ता रुंद झाला आणि लटारूभाऊंनी जीप अशी काढली की ट्रकवाल्याने बाहेर डोकं काढून शिवी दिली. भाऊंनीही तिची परतफेड केली.

कसनपेठचा बाजार ऐन भरात होता. सुकट, मिरच्या, मोहफुलं, प्लास्टिकच्या बादल्या. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर रिनाने दवाखाना मांडला होता आणि समोर बायकापोरांची गर्दी होती. निशात जीप थांबायच्या आधीच उतरली, चप्पल एका पायातून निसटली तीही तिने उचलली नाही, आणि गर्दीतून वाट काढत ओट्यावर चढली.

“रिना! पोचू आत्रामले सुई दिली का?”

रिनाने तिच्याकडे वर खाली पाहिलं. एक पाय अनवाणी, ओढणी मानेभोवती गुंडाळलेली. “काऊन? काय झालं?”

“दिली का नाई, ते सांग!”

“नाई दिली अजून. भरून ठेवली हाय, हे पाह्य.” रिनाने ट्रेमधली सुई दाखवली, वर चिकटपट्टीवर पोचूचं नाव. “सकाळीच आला होता तो. मी पट्टी बदलून दिली, म्हटलं आज तुले सुईपन हाय, जराशानं ये. मान डोलावली अन् गेला. मंग तीनदा पुकारलं, तं पत्ताच नाई. चिडूनच बसली होती मी.”

निशात तिथेच ओट्यावर मटकन खाली बसली. जीव भांड्यात पडतो म्हणतात तो कसा पडतो, हे तिला त्या क्षणी समजलं. तिने काय झालं ते रिनाला सांगितलं तेव्हा रिनाने ती सुई उचलून अशी लांब ठेवली जणू ती विंचू आहे. मग दोघी एकमेकींचा हात धरून बसल्या, आणि समोरच्या बायका काही न समजून त्यांच्याकडे बघत राहिल्या.

“पण तो गेला कुठी?” निशात म्हणाली.

“बाजाराच्या दिवशी गडी मानूस कुठी जाते?” मागून आलेले लटारूभाऊ म्हणाले. त्यांच्या हातात तिची चप्पल होती. “कोंबड्यायच्या झुंजीत. दुसरी जागाच नाई.”

आणि खरंच, थोड्या वेळाने शेताच्या बाजूने एक गडी लंगडत आला. डाव्या पायाला नवी पांढरी पट्टी, काखेत झुंजून दमलेला लाल कोंबडा, दुसऱ्या हातात बक्षीस मिळालेला हरलेला कोंबडा, मान टाकलेला. चेहऱ्यावर जिंकल्याचा रुबाब. ओट्यापाशी आल्यावर त्याचा आवाज एकदम पडला.

“माहा लंबर गेला का, सिस्टर?”

मशीनपेक्षा याचा कोंबडा शहाणा, त्यानेच याला सुईपासून लांब ठेवलं, असं लटारूभाऊ पुटपुटले. निशात उठली. तिला त्याला मिठी मारावीशी वाटली आणि एक ठेवून द्यावीशीही वाटली. तिने दोन्ही केलं नाही.

“पोचू, तुले ती सुई चालत नाई. माहीत हाय ना तुले?”

“हाय ना माहीत. मरत होतो ना मी.”

“मग सिस्टरनं सुई सांगितली तेव्हा बोलला काऊन नाई?”

पोचू गोंधळला. कोंबडा एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतला. “सिस्टरनं मशीनीत पाहून सांगतलं ना. मले वाटलं, मशीनीले काही नवीन समजलं असन. आता चालत असन मले. मी तं झुंज सरल्यावर येऊन हात पुढं करनारच होतो.”

हात पुढे करणार होता. भीती माहीत असून, एकदा मरणाच्या दारातून परत येऊन, हा माणूस तिच्या यादीवर विश्वास ठेवून हात पुढे करणार होता. निशातला आता मात्र रडू आवरलं नाही. तिने त्याला सगळं सांगितलं, मशीनला काही समजत नसतं, चूक माझी होती, तुझ्या भावाचं दुखणं मी तुझ्या नावावर चढवलं. पोचूने सगळं ऐकून घेतलं. आणि मग त्याने विचारलं, “मंग माह्या भावाले त्याची सुई भेटली ना?”

“भेटली असन आतापर्यंत,” निशात म्हणाली, आणि रडता रडता हसली.

परत आल्यावर मोठे डॉक्टर बोलले, बोलायचं तेवढं बोलले. निशातने ऐकून घेतलं. जुनी यादी परत आली होती, त्याबरोबर जुना पसाराही परत आला होता आणि रांग पुन्हा कडुलिंबापर्यंत गेली होती. डॉक्टरांनी त्या दिवशी, रविवारी एकत्र झालेल्या प्रत्येक नोंदीची तपासणी करवून घेतली. इजा कोणालाच झाली नव्हती. हे कळलं तेव्हा निशात मागच्या नळावर गेली, खूप वेळ तोंड धुतलं, आणि मग पोटभर जेवली.

दुसऱ्या दिवशी तिने एक गोष्ट केली जी खरं म्हणजे पहिल्याच दिवशी करायला हवी होती. खुर्ची उचलली आणि खिडकीत कांताबाईंच्या शेजारी जाऊन बसली. मशीनला हात लावला नाही, नुसती ऐकत राहिली. माणूस आला की कांताबाईंचा पहिला प्रश्न नाव नसायचा. “कोनाच्या घरचा रे तू?” मग गाव, मग नाव. तारीख तर त्या विचारायच्याच नाहीत, सरळ एक जून टाकून मोकळ्या.

मग निशातने यादीत एक नवा रकाना काढला, घर आणि ओळख. दोन नोंदी एकत्र करायच्या असतील तर माणूस समोर बसलेला पाहिजे आणि त्याला विचारूनच करायच्या, असा नियम घातला. कांताबाईंना मात्र एक अट घातली की ओळख दर वेळी विचारून नवी करायची. “नाहीतर तुमचा सायकलवाला पायी फिरून राह्यला,” ती म्हणाली. कांताबाईंनी कुरकुर केली आणि मान्य केलं.

पुढच्या आठवड्यात पायवाला पोचू दवाखान्यातच पट्टी बदलायला आला. निशात खिडकीत होती. तिने त्याचं नाव उघडलं. वर लाल पट्टी ठळक झळकली, आणि तिने ती पुन्हा एकदा बघून घेतली.

“पोचू, तुझी ओळख काय लिहू? टोकावरच्या घरचा?”

“तिघंबी त्याच घरचे.”

“मग पायवाला?”

“पाय तं बरा होऊन राह्यला. मंग काय लिवसान?”

“कोंबडेवाला लिव,” कांताबाई म्हणाल्या.

“कोंबडे तं सगळ्यायजवळ हायेत,” पोचू म्हणाला. त्याने खिडकीच्या गजाला धरून बराच विचार केला. मागची रांग चुळबुळत होती, पण तो घाई करणाऱ्यातला नव्हता. शेवटी त्याने निशातकडे बोट दाखवलं.

“लिवा, ज्याच्यासाठी ही बाई एका पायात चप्पल घालून बाजारात धावत आली, तो पोचू.”

कांताबाई हसल्या, मागचे दोघे तिघे हसले. निशात नाही हसली. तिने मान खाली घालून ते तसंच्या तसं लिहायला घेतलं, एक शब्द न गाळता. वाक्य अर्ध्यावर आलं आणि रकान्यातली जागा संपली.

“थांब जरा,” ती पोचूला म्हणाली, आणि तिने रकाना मोठा केला.